वस्तुसंग्रहालयें कोणासाठीं?

एखाद्या संस्थेविषयीं लोकांच्या मनांत काय आहे, हें तिच्या दरवाजावरील पाटीवरून समजत नाहीं. लोक तिला आपसांतल्या बोलण्यांत कोणत्या नांवानें ओळखतात, त्यावरून समजतें. इ. स. १८१४ मध्यें कलकत्त्यास स्थापन झालेलें वस्तुसंग्रहालय हें आपल्या देशांतील सर्वांत जुनें. बंगाली माणूस त्यास ‘जादुघर’ म्हणतो. लाहोरच्या संग्रहालयाचें नांव लोकांच्या तोंडीं ‘अजायबघर’ असें पडलें, आणि आपल्याकडेही ‘अजबखाना’ हा शब्द एके काळीं चांगला रुळलेला होता. मद्रासच्या सामान्य जनांनीं तर याहूनही मार्मिक नांव शोधून काढलें. प्राणिसंग्रहालयास ते ‘जिवंत कॉलेज’ म्हणत आणि वस्तुसंग्रहालयास ‘मेलेलें कॉलेज’! सुशिक्षित माणसास हें ऐकून हंसूं येईल. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, ज्यांस खऱ्या कॉलेजची पायरी चढण्याचा योग आयुष्यांत कधीं आला नाहीं, त्या लोकांनीं या इमारतीस मात्र बिनदिक्कत आपलें कॉलेज मानलें. तेथें प्रवेश मिळण्यास परीक्षा द्यावी लागत नव्हती. डोळे उघडे असले म्हणजे पुरे होतें.

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तु सांभाळण्याचें कोठार, आणि तें विद्वानांच्या उपयोगाचें, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांत अद्यापि आढळते. कोठार तर तें आहेच. परंतु विद्वानाची सोय ग्रंथांनीं होते, पत्रव्यवहारानें होते, छायाचित्रांनींही होते. संग्रहालयाची खरी कसोटी निराळी आहे. जो सर्वांत कमी तयारीनें आंत येतो, तो बाहेर पडतांना काय घेऊन जातो, ही ती कसोटी. लहान मूल, अक्षरशत्रू राहिलेले स्त्रीपुरुष, दृष्टीनें अधू असलेला मनुष्य, आणि ज्याच्या पूर्वजांच्या हातच्या वस्तु कपाटांत आहेत पण पूर्वजांचें नांव कोठेंच नाहीं असा मनुष्य, या चौघांच्या दृष्टीनें आपल्या संग्रहालयांकडे पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या बाबतींत आमच्या प्राचीन वाङ्मयांतील एक प्रसंग मोठा उद्‌बोधक आहे. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत भरत आजोळाहून अयोध्येकडे परत येतो. नगराबाहेर एक सुशोभित मंदिर पाहून तो आंत शिरतो. तेथें चार प्रतिमा आहेत. कोणी देवता असतील असें समजून तो वंदन करूं लागतो, तोंच तेथील देवकुलिक, म्हणजे त्या गृहाचा रक्षक, त्यास थांबवितो आणि सांगतो कीं हे देव नव्हेत, इक्ष्वाकु कुळांतील राजे आहेत. हा दिलीप, हा रघु, हा अज. चौथ्या प्रतिमेपाशीं येतांच भरताचें काळीज हालतें. जिवंत माणसांच्याही प्रतिमा येथें असतात काय, असें तो विचारतो. नाहीं, केवळ दिवंगतांच्याच, असें उत्तर मिळतें. आणि पिता दशरथ या जगांत उरला नाहीं हें त्या पुत्रास अशा रीतीनें कळतें.

नाट्यदृष्ट्या हा प्रसंग उत्कृष्ट आहेच. परंतु शिक्षकाच्या नजरेनें पाहिलें तर त्यांत संग्रहालयाचें सगळें शास्त्र आलें आहे. दगड तोच होता, प्रतिमाही तीच होती; पण सांगणारा भेटेपर्यंत त्या दगडांत भरताचा बाप नव्हता. दुसरी गोष्ट अशी कीं, समोर उभा असलेला तरुण राजपुत्र आहे हें त्या देवकुलिकास प्रारंभीं ठाऊक नव्हतें. आल्या वाटसरूस नीट सांगावयाचें, एवढा आपला धर्म तो जाणत होता. वस्तु, पाहणारा आणि सांगणारा अशा तिघांचें जेथें एकत्र येणें घडतें, तें संग्रहालय. यांपैकीं एक जरी उणा झाला तरी मागें उरतें तें अडगळीचें घर.

युरोपांतही संग्रहालयें प्रथमपासून सर्वांसाठीं खुलीं होतीं असें नाहीं. लंडनचें ब्रिटिश म्यूझियम इ. स. १७५९ मध्यें उघडलें. नांवाला प्रवेश विनामूल्य होता. परंतु आधीं लेखी अर्ज करून तिकीट मिळवावें लागे, आणि ज्यास अर्ज लिहितां येत नाहीं किंवा दिवसाची मजुरी बुडवितां येत नाहीं, त्यास तो प्रवेश असून नसल्यासारखाच होता. ही अडचण ओळखून पुढें इ. स. १८५७ मध्यें उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत गॅसचे दिवे लावण्यांत आले, कीं दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यांस संध्याकाळीं तरी तें पाहतां यावें. दिवा लावणें ही गोष्ट वरवर पाहतां किरकोळ दिसते. पण आजवर कोण बाहेर राहिला याचा कोणी तरी विचार केल्यावांचून ती सुचत नाहीं.

याच सुमारास मुंबईंत काय चाललें होतें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोटांतील बराकींत सरकारी संग्रहालय स्थापन झालें होतें. देशांत काय पिकतें, काय विणलें जातें, कोणत्या खनिजांचा व्यापार होऊं शकेल, हें दाखविणें हा त्याचा मूळ उद्देश. इ. स. १८५७ च्या धामधुमींत बराकी सैन्यासाठीं हव्या झाल्या आणि संग्रहांतील पुष्कळ वस्तूंची वाताहत झाली. ज्यांनीं तो संग्रह पुन्हा उभा करण्याचें मनावर घेतलें, त्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे प्रमुख होते. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक; रोग्यांची नाडी पाहावी आणि उरलेल्या वेळांत प्राचीन शिलालेख वाचावे, अशा प्रकारचे ते पुरुष होते. लोकवर्गणी जमली, इ. स. १८६२ मध्यें भायखळ्यास पायाचा दगड बसला आणि इ. स. १८७२ मध्यें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम या नांवानें इमारत लोकांस खुली झाली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयास हेंच नांव मिळालें तें त्यानंतर, इ. स. १८९९ मध्यें. भायखळ्याच्या संग्रहालयास इ. स. १९७५ मध्यें डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें, आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर इ. स. २००८ मध्यें तें पुन्हा उघडलें.

या संग्रहालयाची जागा ध्यानांत घेण्यासारखी आहे. तें राणीच्या बागेला लागून आहे, आणि त्याच्या भोंवतीं गिरणगांव वाढलें. कोंकणांतून आणि घाटावरून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह बाग पाहावयास येत, हत्ती-वाघ पाहून झाले कीं पावलें शेजारच्या इमारतीकडे वळत. घारापुरीहून आणलेला पाषाणाचा हत्ती तेथें बाहेर उभाच आहे. जिवंत हत्तीकडून दगडी हत्तीकडे मुलांनीं धांवत जावें यांत नवल तें काय? स्थापकांनीं व्यापाऱ्यासाठीं आणि जिज्ञासूसाठीं जें घर बांधलें, तें गिरणींतल्या मजुरानें आपल्या सुटीच्या दिवसाचें ठिकाण करून टाकलें.

याच घरांत दुसरीही एक गोष्ट पाहावयास मिळते, आणि ती विचार करावयास लावणारी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंतील नाना जातिजमातींच्या आणि नाना व्यवसायांच्या लोकांच्या लहान लहान प्रतिकृति तेथें तयार करविण्यांत आल्या. निरनिराळ्या पगड्या, पेहराव, हत्यारें, सर्व कांहीं हुबेहूब. कारागिरी पाहून मन प्रसन्न होतें. परंतु क्षणभर असें समजा कीं, त्या कपाटासमोर उभा असलेला मुलगा त्यांपैकींच एका जमातीचा आहे. कांचेच्या आंत त्याच्या पणजोबांचा पोशाख आहे, पणजोबांचें अवजार आहे, जातीचें नांव आहे. पण पणजोबांस काय येत होतें, काय सोसावें लागलें, त्यांस कशाचा अभिमान होता, याविषयीं एक अक्षर नाहीं. फुलपाखरू टांचणीनें टोंचून ठेवावें तसें माणसास मांडलें, तर तो मुलगा तेथून ज्ञान घेऊन जाईल कीं संकोच घेऊन जाईल? त्या काळच्या राज्यकर्त्यांस प्रजेची मोजदाद करावयाची होती, त्यांचा तो दृष्टिकोन झाला. आज आपणांस मोजदाद करावयाची नाहीं, ओळख करून घ्यावयाची आहे. त्याच प्रतिकृति आज मुलांस दाखवितांना त्या कोणी, केव्हां आणि कशासाठीं घडविल्या हेंही सांगितलें, तर तें कपाट आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक उत्तम धडा होऊं शकतें.

आपल्या पूर्ण परिचयाचें एक उदाहरण घेऊं. जुन्या घरगुती वस्तूंच्या दालनांत जातें हटकून असतें. त्यापुढील चिठ्ठीवर वस्तूचें नांव, तें दगडाचें असल्याची माहिती आणि फार तर शतक लिहिलेलें असतें. आतां हें जातें फिरत होतें तेव्हां त्याच्याशीं किती माणसांचा संबंध होता, तो पाहा. पहांटे उठून खुंटा धरणाऱ्या सासू-सुना होत्या, आणि त्यांच्या ओव्या होत्या. धान्य पिकविणारा कुणबी होता. आणि जात्याचें तोंड गुळगुळीत झालें म्हणजे ‘टांकी लावायची का’ म्हणून आळींतून हांक देत जाणारी वडाराची बाई होती. तिच्या छिन्नीवांचून त्या जात्यांतून एक मूठ पीठ पडलें नसतें. चिठ्ठींत दगडास जागा मिळाली, शतकास जागा मिळाली. ओवी म्हणणारीस आणि टांकी लावणारीस मिळाली नाहीं. ज्या दिवशीं त्या दोघींस तेथें जागा मिळेल, त्या दिवशीं आमच्या घरांतील नात आणि त्या वडार बाईची नात अशा दोघीही त्या कपाटासमोर सारख्याच अधिकारानें उभ्या राहतील.

सुदैवानें या दिशेनें प्रयत्न झालेले आहेत. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांचें उदाहरण आपल्या वाचकांस परिचित असेलच. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं राजेरजवाड्यांच्या जडजवाहिरामागें न लागतां दिवे, अडकित्ते, दौती, कुलपें, वज्रया, फण्या, खेळणीं, स्वयंपाकघरांतील भांडीं असा संसार गोळा केला. तो वाढत वाढत वीस हजारांहून अधिक वस्तूंवर गेला. बालवयांतच निवर्तलेल्या आपल्या पुत्राच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं तें संग्रहालय उभें केलें आणि पुढें महाराष्ट्र शासनास अर्पण केलें. जो अडकित्ता एखाद्या अनामिक लोहारानें आपल्या कल्पनेप्रमाणें घडविला, त्यास मखरांत बसण्याचा मान मिळूं शकतो, हें केळकरांनीं महाराष्ट्रास दाखवून दिलें. पुण्यांतच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचें संग्रहालय आहे. तेथें वारली चित्रें आहेत, सोंगांचे मुखवटे आहेत. सेनापति बापट रस्त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें स्मारक-संग्रहालय आहे; बाबासाहेबांच्या नित्य वापरांतल्या वस्तु माईसाहेब आंबेडकरांनीं तेथें दिल्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांस कित्येक दरवाजांबाहेर उभें राहावें लागलें, तीं कुटुंबें त्या वस्तूंसमोर मुलास उचलून घेऊन उभीं राहतात, तेव्हां तें दृश्य पाहणाऱ्यास संग्रहालय म्हणजे काय हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. आपल्या मुलांनींही तें पाहावें असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कारण त्या दरवाजांच्या आंतल्या बाजूस कोण होतें, हेंही त्यांस केव्हां तरी कळलें पाहिजे.

भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाची रीति तर विशेष अनुकरणीय आहे. तेथें टेंकडीवर मोकळ्या जागेंत निरनिराळ्या आदिवासी जमातींचीं घरें उभीं आहेत, आणि तीं त्या त्या जमातींच्या माणसांनीं स्वतः येऊन बांधलेलीं आहेत. माती कशी मळावी, कूड कसा विणावा, दार कोणत्या दिशेस ठेवावें, हें पंडितानें सांगितलें नाहीं. ज्याचें घर त्यानें सांगितलें. येथें पाहुणा तोच यजमान झाला. इ. स. २०२२ मध्यें प्राग येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनें संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तींत संग्रहालयें सर्वांस प्रवेशसुलभ आणि सर्वसमावेशक असावींत, आणि समाजांच्या सहभागानें त्यांचें काम चालावें, असा आशय आला आहे. व्याख्या मागाहून आली, भोपाळचीं घरें आधीं उभीं राहिलीं.

आतां मुलांकडे वळूं. मुलांसाठीं म्हणून स्वतंत्र वस्तुसंग्रहालय जगांत प्रथम निघालें तें अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत, इ. स. १८९९ मध्यें. ॲना बिलिंग्ज गॅलप नांवाच्या विदुषी इ. स. १९०२ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे एक पिढीहून अधिक काळ, त्याच्या अभिरक्षक होत्या. मुलाच्या उंचीस येईल असें कपाट, मुलास कळेल अशी चिठ्ठी आणि मुलाच्या हातीं देतां येईल अशी वस्तु, ही आज साधी वाटणारी त्रिसूत्री अशाच संस्थांतून रुजली. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें इ. स. २०१९ मध्यें आपल्या आवारांत, जुन्या गोरखचिंचेच्या शेजारीं, मुलांचें निराळें संग्रहालय उघडलें आणि तेथील प्रदर्शनाच्या मांडणींत मुलांसही वांटा दिला. योगायोग असा कीं, या संग्रहालयाची मूळ इमारत बांधून झाली तेव्हां पहिलें महायुद्ध चालू होतें, इ. स. १९२२ मध्यें संग्रहालय म्हणून दारें उघडण्यापूर्वीं ती वास्तु कांहीं काळ लष्करी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र म्हणून वापरली गेली होती. म्हणजे त्या वास्तूंत मुलांची पावलें पुराणवस्तूंच्या आधींच पोंचलीं!

शाळेंत तीस-पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना प्रस्तुत लेखकास विद्यार्थ्यांच्या पुष्कळ सहलींबरोबर जाण्याचा प्रसंग आला. सामान्यतः त्या कशा होतात हें सांगावयास नको. चाळीस-पन्नास मुलांची रांग, पुढें एक मास्तर, मागें एक मास्तर, दोहों बाजूंस ‘हात लावूं नका’ म्हणून ओरडणारा रखवालदार. तासाभरांत दहा दालनें उरकून मंडळी डबा खावयास मोकळी. परंतु एका सहलींतील गोष्ट स्मरणांत राहून गेली आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कपाटापुढें रांग रेंगाळली होती. वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा, शब्दरूपें कधीं धड न येणारा एक मुलगा कांचेला नाक लावून म्हणाला, “सर, ह्याचे मठार एका हाताचे नाहींत.” तो तांबट आळींतला. भांड्यावर ठोक्यांच्या ज्या बारीक खुणा असतात, त्यांस मठार म्हणतात, हें देखील वर्गांतील कित्येकांस ठाऊक नव्हतें. मग तो सांगूं लागला: ठोका सरळ पडला तर खूण कशी दिसते, मनगट थकलें म्हणजे ती कशी तिरपी होते, भांडें फिरवीत फिरवीत ओळ कशी राखावी लागते, आणि या घागरीच्या पोटापाशीं ओळ बदलली आहे, तेव्हां कोणी दुसऱ्यानें पुढचें काम घेतलें असलें पाहिजे. दहा मिनिटें सर्व वर्ग तटस्थ होऊन ऐकत होता. रखवालदारही जवळ येऊन उभा राहिला. त्या दिवशीं देवकुलिकाचें काम त्या मुलानें केलें. घरीं तो जें रोज पाहत होता, तें विद्या या सदरांत मोडतें हें त्यास आणि त्याच्या सोबत्यांस प्रथमच कळलें. त्यानंतर त्याचीं शब्दरूपें सुधारलीं असें मी म्हणणार नाहीं. पण शेवटचा बांक सोडून तो पुढें येऊन बसूं लागला.

ज्यांस दृष्टि नाहीं, त्यांनीं संग्रहालयांत काय पाहावें, असा प्रश्न कोणी करील. इंग्लंडांतील संडरलंड गांवच्या संग्रहालयाचे अभिरक्षक चार्ल्टन डीस यांनीं त्याचें उत्तर इ. स. १९१३ मध्येंच देऊन ठेविलें आहे. त्यांनीं अंध मुलांस बोलावून पेंढा भरलेले प्राणी, हाडांचे सांगाडे, शस्त्रें इत्यादि वस्तु त्यांच्या हातांखालीं दिल्या. मुलांनीं त्या बोटांनीं चांचपून पाहिल्या आणि नंतर मातीचे तसेच प्राणी घडविले. डोळस मुलांस जी गोष्ट नियमानें वर्ज्य, ती या मुलांस मुद्दाम करावयास दिली. आणि स्पर्श हेंही पाहणेंच आहे, असें त्या मातीच्या चित्रांनीं सिद्ध केलें.

आणि ज्यांस संग्रहालयापर्यंत येतांच येत नाहीं त्यांचें काय? तर संग्रहालयानें त्यांच्याकडे जावें. वडोदऱ्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडीं पाठविल्या जात, हें आपल्यापैकीं वडील मंडळींनीं ऐकलें असेल. तोच न्याय वस्तूंस लावून कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयानें इ. स. १९६५ मध्यें विज्ञानाचें फिरतें प्रदर्शन सुरू केलें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेंही इ. स. २०१५ मध्यें मोटारगाडीवर फिरतें संग्रहालय तयार केलें. शाळेच्या पटांगणांत एक गाडी येऊन उभी राहते आणि ज्या मुलांनीं मुंबई पाहिलेली नाहीं त्यांच्यापुढें दोन-चार सहस्र वर्षांचा इतिहास उघडतो, ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं.

यावर कांहीं आक्षेप निघतात, आणि ते सर्वस्वीं निराधार आहेत असें नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, सर्वांनीं हात लावला तर वस्तु झिजून जातील. तें खरें आहे. हजार वर्षें टिकलेलें वस्त्र किंवा पोथीचें भूर्जपत्र बालकांच्या हातीं द्यावें असें कोणीच म्हणत नाहीं. परंतु ज्यांची बेगमी विपुल आहे अशा वस्तु आणि चांगल्या प्रतिकृति एवढ्यासाठीं निराळ्या काढून ठेवतां येतात. तांब्याची साधी घागर पुन्हा पुन्हा हाताळल्यानें कांहीं बिघडत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, मुलांच्या गलबल्यानें अभ्यासकांची एकाग्रता मोडते. त्यावर उपाय वेळा वांटून देण्याचा आहे, दारें लावून घेण्याचा नव्हे. तिसरा आक्षेप द्रव्याचा. सांगणारा माणूस नेमावयाचा तर वेतन पाहिजे, आणि पुष्कळ लहान संग्रहालयांत झाडावयासही पुरेशीं माणसें नसतात. ही अडचण मात्र खरी आहे आणि ती केवळ लेख लिहून सुटणारी नाहीं. परंतु येथेंच आपल्यासारख्या कुटुंबांचा संबंध येतो. ज्या घरांत चार पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत सांगणाऱ्यांचा तोटा नसतो.

यासाठीं वाचकांपुढें कांहीं सूचना ठेवितों. मुलांस संग्रहालयांत न्यावयाचें तर एका दिवशीं एकच दालन पाहावें, आणि तें कोणतें हें मुलानें ठरवावें. घरांतील आजीस बरोबर न्यावें. समई, अडकित्ता, करंडा, जातें यांविषयीं ती जें सांगेल तें कोणत्याही चिठ्ठींत सांपडणार नाहीं. ‘हें काय आहे’ असें मुलानें विचारलें असतां लगेच उत्तर न देतां ‘तुला काय वाटतें’ असें एकदां तरी विचारावें. घरीं कामास येणाऱ्या बाईचीं मुलें आपल्या मुलांच्या वयाचीं असतील तर त्यांसही त्याच गाडींतून न्यावें. आणि नेल्यावर त्यांसही बोलूं द्यावें, कारण पाटी, खुरपें, छिन्नी, चूल यांविषयीं आपल्या मुलांपेक्षां त्यांस अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. जेथें चिठ्ठ्या मराठींत नसतील तेथें तसें नम्रपणें परंतु लेखी कळवावें. दहा पत्रें गेलीं म्हणजे अभिरक्षकासही वरिष्ठांपुढें बोलावयास आधार मिळतो.

शेवटची सूचना घरांतल्या माळ्यावरील वस्तूंविषयीं आहे. वाडे पडत आहेत, बिऱ्हाडें लहान होत आहेत, आणि पितळी डबे, सागवानी पेट्या, वंशावळी, जुने फोटो हीं सर्व भंगारवाल्याच्या गाडीवर चढत आहेत. तीं देण्यापूर्वीं एक दिवस वडील माणसांजवळ बसावें आणि मुलांच्या हातून एकेका वस्तूपुढें एकेक कागद लिहवून घ्यावा: ही कोणाची, कोणीं घडविली, कशासाठीं वापरीत, कोणत्या प्रसंगानें घरांत आली. त्यांत आपल्या घराण्याच्या मोठेपणाबरोबर ज्यांच्या श्रमावर तें घर चाललें त्यांचींही नांवें येऊं द्यावीं. कल्हई लावणारा, पखाल आणणारा, परडींत लांकडें फोडणारा, बाळंतिणीस न्हाऊं घालणारी सुईण, यांचीं नांवें अद्यापि कोणा आजीच्या ओठांवर असतील. आणखी दहा वर्षांनीं तीं असणार नाहींत. वस्तु आणि तिच्याबरोबर तो कागद असा जोड एखाद्या जवळच्या संग्रहालयास दिला, तर मोठें काम होईल. नुसती वस्तु दिली तर कपाटांत आणखी एक मुकी वस्तु वाढेल, आणि पुढें कोणी मूल तिच्यापुढें उभें राहून विचारूं लागलें, तर उत्तर देण्यास कोणीच उरलेलें नसेल.